टपालातून फिरणारी कादंबरी आणि वाचकाचा 'मी'

एका वाचकाने कादंबरी वाचून ती टपालाने अनोळखी वाचकाकडे धाडावी, त्याने ती तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकाने आपल्या मनावर उमटलेला ठसा नोंदवून ठेवावा, या प्रथेस २००१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'बुकक्रॉसिंग' या उपक्रमात व्यवस्थित रूप आले. तीत प्रत्येक प्रतीला क्रमांक दिला जातो आणि त्या क्रमांकाखाली वाचकांच्या नोंदी साठत जातात. प्रत ठरलेल्या यादीप्रमाणे फिरून मूळ मालकाकडे परतली, तर त्या फेरीस 'रिंग' म्हणतात. न परतता पुढेच जात राहिली, तर 'रे'. या नोंदींना समीक्षेच्या दृष्टीने काही मोल आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

अशा नोंदी स्वभावतःच खाजगी असतात. कादंबरीतील मृत्यू वाचून कोणाला आपल्या आईचे अखेरचे दिवस आठवतात. कोणी नायिकेवर घरच्या माणसावर रागवावे तसा रागावतो. ज्याच्याशी उद्या गाठ पडण्याचा संभव नाही, त्याच्यापुढे मन मोकळे करणे सोपे जाते. पण नेमका हाच खाजगीपणा समीक्षकाला खटकतो, आणि तो अकारण नव्हे. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासून जाणे, हे एक आहे. आय. ए. रिचर्ड्स याने केंब्रिज येथे कवींची नावे न सांगता विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय तपासून १९२९ साली ग्रंथ लिहिला. त्यानेही कवितेशी संबंध नसलेल्या खाजगी आठवणींची लुडबूड हा वाचनातील एक प्रमुख दोष मानला.

तथापि या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती एका जुन्या पत्रव्यवहारातून स्पष्ट होते. सॅम्युएल रिचर्ड्सन याची 'क्लॅरिसा' ही सात खंडांची कादंबरी १७४७ व १७४८ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली. अखेरचे खंड बाहेर येण्यापूर्वीच तिचा शेवट दुःखद होणार, असे लेडी ब्रॅडशे या वाचक स्त्रीच्या कानी आले. तिने 'बेलफर' हे टोपणनाव घेऊन लेखकाला पत्र पाठविले. दोघांची ओळख नव्हती. क्लॅरिसेला वाचवा, लव्हलेसला सुधारा आणि दोघांचा विवाह लावून द्या, असा तिचा आग्रह होता. रिचर्ड्सनने तो मानला नाही. मात्र त्याने तो हसण्यावारीही नेला नाही. अशा वाचकांना उत्तर देताना त्याला आपली भूमिका तपशिलाने मांडावी लागली, आणि सद्गुणाला याच जन्मी फळ मिळालेच पाहिजे या अपेक्षेचा परामर्श त्याने कादंबरीच्या उपसंहारात घेतला. पुढे ओळख झाल्यावर तिने आपल्या प्रतीच्या समासांत टिपणे लिहिली, आणि रिचर्ड्सनने त्याच समासांत त्यांना उत्तरे दिली.

येथे खाजगी प्रतिक्रियेने काय साधले? लेडी ब्रॅडशेचा हट्ट हा काही कादंबरीवरील निर्णय नव्हे. परंतु लव्हलेसविषयी ओढ वाटावी आणि त्याच्या हाती क्लॅरिसेला सोपविताही येऊ नये, हा ताण त्या रचनेतच आहे. तिच्या हट्टाने त्या ताणाच्या जागेवर बोट ठेवले. विघ्न वाटणारी भावना अशा रीतीने साक्ष ठरली.

बडोद्याच्या साहित्य संमेलनात १९२१ साली न. चिं. केळकरांनी मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना येथे उपयोगी पडते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपले स्वत्व पुसून टाकीत नाही. केवळ स्वत्वच उरले, तर तो आत्मचरित्र लिहितो. ते अजिबात उरले नाही, तर नोंदविण्याजोगे काही उरतच नाही. म्हणून प्रतिक्रिया खाजगी आहे की नाही यापेक्षा, ती आपल्याला पुन्हा संहितेकडे नेते की नाही, हे पाहावयास हवे. आईची आठवण सांगून थांबणारी नोंद त्या वाचकाची. कोणत्या वाक्यापाशी आणि कोणत्या क्रमाने ती आठवण जागी झाली हे सांगणारी नोंद कादंबरीचीही असते.

फिरत्या प्रतीचा विशेष लाभ हा, की भिन्न आयुष्ये जगलेल्यांच्या नोंदी एकत्र येतात. अनेकजण एकाच स्थळी अडखळले, तर कारण रचनेत शोधावे. एकटाच अडखळला, तर प्रथम त्या वाचकात. मात्र पुढचा वाचक आधीच्या नोंदी वाचूनही लिहीत असतो. त्यामुळे अशा ठिकाणी एकमत हा दुबळा पुरावा होय, आणि आधीचे सारे वाचूनही टिकलेला मतभेद अधिक भरवशाचा.

सहृदय वाचकाची चर्चा आपल्याकडे शतकानुशतके झाली. पण तो बहुधा शास्त्रकाराच्या कल्पनेतला वाचक राहिला. प्रत्यक्ष वाचक आपल्या हस्ताक्षरात साक्ष देत असेल, तर ती तपासून घ्यावी. ऐकण्यापूर्वीच फेटाळू नये.