डेटाबेस कनेक्टर लावताय? आधी 'डिलीट झालेल्या नोंदींचं काय?' हे विचारा

समजा, तुमच्या संशोधन गटाचं घरोघरी जाऊन आरोग्य सर्वेक्षण चालू आहे. मोबाइलवर भरलेले फॉर्म विभागाच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जमा होतात. विश्लेषणासाठी मात्र तुम्ही वेगळा डेटाबेस ठेवलाय, कारण चालू डेटाबेसवर जड क्वेरी टाकली तर फॉर्म भरणाऱ्यांचं काम अडतं. इकडचा डेटा तिकडे ठराविक वेळाने आपोआप नेणारं साधन म्हणजे कनेक्टर. एअरबाइट, डेबेझियम अशी तयार साधनं यासाठी मिळतात.

स्क्रीनवर 'सिंक यशस्वी' दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण त्याचा अर्थ एवढाच, की कनेक्टरने जे मागितलं ते त्याला मिळालं. तुमची प्रत मूळ डेटाशी जुळते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुम्ही कोणती सिंक पद्धत निवडली यावर ठरतं.

जोडणी

सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (पोस्टग्रेसचा नेहमीचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६), डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड. हा भाग सोपा आहे. फक्त दोन गोष्टी पाळा. ॲडमिनचा युजर वापरू नका. कनेक्टरसाठी वेगळा, फक्त वाचण्याची परवानगी असलेला युजर मागून घ्या. आणि सहभागींची नावं, फोन नंबर विश्लेषणाला लागत नसतील, तर ते टेबल किंवा कॉलम आणूच नका.

सिंकच्या तीन पद्धती

*१. पूर्ण प्रत.* दर वेळी सगळं टेबल नव्याने आणायचं आणि जुनं पुसायचं. काही हजार नोंदी असतील तर हीच पद्धत घ्या. मुळात जे आहे तेच तुमच्याकडे येतं.

*२. कर्सरवर आधारित.* टेबलात 'शेवटचा बदल कधी झाला' असा वेळेचा कॉलम असतो. कनेक्टर मागच्या खेपेला दिसलेली सर्वांत मोठी वेळ लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यानंतरच्याच नोंदी मागतो. हे हलकं आणि जलद आहे, म्हणूनच बहुतेक जण हे निवडतात. पण यात तीन भोकं आहेत.

पहिलं: डिलीट झालेली नोंद. एका सहभागी बाईंनी संमती मागे घेतली आणि मूळ डेटाबेसमधून त्यांची नोंद काढली गेली. कनेक्टर विचारतो, 'काय बदललं?' जी नोंद आता नाहीच, ती उत्तरात कशी येणार? तुमच्या प्रतीत ती तशीच राहते आणि तुमच्या सरासरीत मोजली जाते. हा फक्त तांत्रिक प्रश्न नाही. संशोधन नीतीचा आहे.

दुसरं: पोस्टग्रेसमध्ये हा वेळेचा कॉलम आपोआप बदलत नाही. डीफॉल्ट किंमत नोंद घालतानाच भरली जाते. पुढच्या बदलांसाठी ट्रिगर लावावा लागतो, नाहीतर ॲपने वेळ लिहावी लागते. दोन्ही नसेल तर वय ५२ चं २५ असं दुरुस्त केलेलं तुमच्यापर्यंत येणारच नाही.

तिसरं जरा बारीक आहे. पोस्टग्रेसचं 'नाऊ' हे फंक्शन व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतं, कमिट झाल्याची नाही. एक व्यवहार १०:०० ला सुरू झाला आणि १०:०७ ला कमिट झाला. मधे १०:०५ ला सिंक झालं, आणि कर्सर १०:०४ वर पोहोचला. नंतर दिसू लागलेल्या नोंदीवर वेळ आहे १०:००. ती कर्सरच्या मागे पडली, म्हणजे कायमची सुटली. उपाय असा: दर वेळी कर्सर थोडा मागे घ्या, समजा तासभर, आणि प्रायमरी की वापरून नोंदी जुळवा, म्हणजे दुबार होणार नाहीत.

*३. लॉगवर आधारित.* पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो. कनेक्टर टेबलाऐवजी हा लॉग वाचतो, त्यामुळे डिलीटसुद्धा कळतं. त्यासाठी 'डब्ल्यूएएल लेव्हल' ही सेटिंग 'लॉजिकल' करून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, रेप्लिकेशन स्लॉट बनवावा लागतो आणि टेबलांना प्रायमरी की असावी लागते. काही कनेक्टर नोंद काढत नाहीत, फक्त 'डिलीट झाली' अशी खूण करतात. अशा वेळी त्या नोंदी तुम्हालाच काढाव्या लागतात.

याची किंमतही समजून घ्या. कनेक्टर वाचत नाही तोवर स्लॉट लॉग धरून ठेवतो. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कनेक्टर बंद ठेवला, तर मूळ सर्व्हरची डिस्क भरू शकते आणि सर्वेक्षणच थांबू शकतं. पोस्टग्रेस १३ पासून स्लॉट किती लॉग धरेल याची मर्यादा घालता येते. मर्यादा ओलांडली तर स्लॉट निकामी होतो आणि पूर्ण प्रत पुन्हा आणावी लागते, पण सर्व्हर वाचतो.

मग तपासायचं कसं?

- चाचणीच्या टेबलात एक नोंद घाला, सिंक करा. ती बदला, सिंक करा. मग डिलीट करा, सिंक करा. तिन्ही वेळा तुमच्याकडे काय दिसतं ते लिहून ठेवा.
- आठवड्यातून एकदा मूळ टेबलातले फक्त आयडी आणा आणि तुमच्या आयडींशी ताडून पाहा. नुसती एकूण संख्या जुळणं पुरेसं नाही. एक जास्त आणि एक कमी असली तरी बेरीज तीच येते.
- टाइमझोन बघा. १ जूनच्या पहाटे २ वाजता भरलेला फॉर्म यूटीसीमध्ये ३१ मेच्या रात्री ८:३० चा होतो. महिनावार तक्ता तिथेच चुकतो.

कर्सरची पद्धत सोडणं शक्य नसेल, तर आयडी ताडण्याचं काम स्क्रिप्टनेच रोज करा आणि मुळात नसलेल्या नोंदी तुमच्याकडूनही काढून टाका.

शेवटी, विश्लेषण सुरू करताना सिंक थांबवून तारीख घातलेली एक प्रत बाजूला ठेवा. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात सिंकची पद्धत, शेवटच्या सिंकची वेळ आणि त्यानंतर कोणी संमती मागे घेतली तर काय करणार, हे तीन वाक्यांत लिहा. लॉगची पद्धत घेतली असेल तर थांबताना स्लॉटही काढायला सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सांगा.