शेतवस्तीवरील घराचा वीज-हिशेब

रिसोड तालुक्यातील सर्वच मुले गावठाणात राहतात असे नाही. पुष्कळ कुटुंबे शेताच्या राखणीसाठी, गुराढोरांच्या सोयीसाठी किंवा गावातील घर अपुरे पडल्यामुळे शेतवस्तीवर राहावयास गेलेली आहेत. अशी घरे एकमेकांपासून दूर असतात. एका घरासाठी खांब उभे करीत तार नेणे खर्चाचे होते, आणि शेतीच्या वाहिनीवरून जोडणी मिळाली तरी तेथील वीज पाळीपाळीने येत असल्यामुळे ती संध्याकाळी हाताशी असेलच याचा भरवसा नसतो. अंतर थोडे असले म्हणजे वीज लवकर पोहोचते असेही नाही. मुंबईच्या समोर असलेल्या घारापुरी बेटावर समुद्राखालून तार नेऊन नियमित वीज पोहोचावयास २०१८ साल उजाडावे लागले.

विजेवाचून होणारी अडचण केवळ गैरसोयीची नसते. दिवस मावळला की मुलाचा अभ्यास थांबतो. पावसाळ्यात गोठ्यापर्यंत जाताना साप-विंचवाचे भय असते. चुलीच्या धुराने आईचे डोळे चुरचुरतात. या तिन्ही अडचणींवर सूर्यप्रकाश आणि शेण या घरच्याच दोन साधनांनी पुष्कळसा उपाय करता येतो. परंतु अनेक ठिकाणी हौसेने बसविलेला सौरदिवा दोन-तीन वर्षांत मंदावतो व मग अडगळीत पडतो. त्याला बहुधा सूर्य कारण नसतो. घराच्या गरजेचा हिशेब न करता साहित्य घेणे आणि नंतर बॅटरीची निगा न राखणे, ही त्याची मुख्य कारणे होत. हा हिशेब गुणाकार-भागाकाराचा असून पाचवी-सहावीच्या मुलाला तो सहज करता येतो. म्हणून प्राथमिक शिक्षकांनी हा विषय समजून घेणे उपयुक्त आहे.

१. गरज किती आहे?

विजेचे उपकरण किती वेगाने वीज वापरते हे वॉट या मापाने सांगतात. वॉटला तासांनी गुणले म्हणजे वॉट-तास मिळतात, आणि असे १,००० वॉट-तास झाले की वीजबिलातील १ युनिट होते. दोन खोल्यांच्या शेतघराचे उदाहरण घेऊ. ७ वॉटचे ३ एलईडी दिवे ५ तास लागले, तर १०५ वॉट-तास होतात. कमी वीज खाणारा ३० वॉटचा पंखा ८ तास चालला, तर २४० होतात. दोन मोबाइल भरण्यास सुमारे ३० आणि ५ वॉटचा रेडिओ १ तास लावण्यास ५ धरावेत. एकूण बेरीज ३८० वॉट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनही कमी, इतकी येते.

याच घरात ६० वॉटचे जुने पिवळे दिवे लावले, तर केवळ तीन दिव्यांनाच ९०० वॉट-तास लागतील. ७५ वॉटचा जुना पंखा ८ तासांत ६०० वॉट-तास घेईल. १,००० वॉटची इस्त्री अर्धा तास फिरविली, तर ५०० वॉट-तास जातील; म्हणजे सबंध घराच्या दिवसभराच्या गरजेहून अधिक. सूर्याची वीज ही कणगीतील धान्यासारखी मोजकी असते, आणि उधळा हात असला तर मोठी कणगीही पुरत नाही. यास्तव पॅनेल घेण्याच्या आधी दिवे व पंखा बदलावा. पाणी तापविणे, इस्त्री करणे व स्वयंपाक ही उष्णतेची कामे या विजेवर ठेवू नयेत.

२. सूर्यापासून किती मिळते?

प्रकाश पडल्यावर काही पदार्थांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे फ्रान्समधील एदमाँ बेकरेल याने १८३९ मध्ये दाखविले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट तयार झाला. तो आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे शेकडा ६ भागाची वीज करी. आजची चांगली पॅनेले शेकडा २० किंवा त्याहून थोड्या अधिक भागाची करतात. खेड्यात ज्याला सोलर प्लेट म्हणतात ते पॅनेल म्हणजे अशा अनेक घटांची एकापुढे एक जोडलेली माळ होय.

पॅनेलवर लिहिलेले वॉट हे कडक, सरळ उन्हातील असतात. सकाळी आणि सायंकाळी ऊन तिरपे असते, म्हणून दिवसभराच्या उन्हाचे 'पूर्ण उन्हाचे तास' असे एक माप करतात. विदर्भात उन्हाळ्यातील निरभ्र दिवशी ते ६ च्या आसपास असते; पावसाळ्यात ते पुष्कळ उतरते. ज्या महिन्यात मिळकत कमी, त्या महिन्यावरून हिशेब करणे शहाणपणाचे. म्हणून येथे ४ तास धरू.

तारा, बॅटरी व नियंत्रक यांतून जाताना काही वीज वाया जाते. १०० भाग निर्माण झाले तर ७० हाती लागतात असे मानले, म्हणजे ३८० वॉट-तास वापरण्यासाठी ३८० × १०० ÷ ७० = सुमारे ५४३ वॉट-तास निर्माण व्हावे लागतात. ५४३ ला ४ ने भागले की १३६ वॉट येतात. अर्थात १५० वॉटचे पॅनेल पुरे. झडीनंतर रिकामी झालेली बॅटरी लवकर भरावी म्हणून २०० वॉटचे घेतल्यास अधिक बरे.

पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे. रिसोड सुमारे २० उत्तर अक्षांशावर असल्यामुळे त्याचा उतारही साधारण २० अंशांचा ठेवावा. कोनमापक नसला तरी अडत नाही. पॅनेलची लांबी १०० सेंटिमीटर असेल, तर वरची कड खालच्या कडेपेक्षा ३४ सेंटिमीटर उंच ठेविली म्हणजे हा कोन साधतो. घट माळेसारखे जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावर लिंबाच्या फांदीची सावली पडली, तरी सबंध पॅनेलची वीज बरीच घटते. सोयाबीन व तुरीच्या मळणीच्या दिवसांत त्यावर भुसा आणि धूळ बसते. तेव्हा ते सकाळी, काच तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावे.

३. रात्रीची साठवण

दिवसा मिळालेली वीज रात्री वापरावयाची तर बॅटरी हवी. आभाळ भरून आले असता दोन दिवस निभावे, असे धरले तर ३८० × २ = ७६० वॉट-तासांचा साठा लागतो. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी होऊ दिली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून साठा दुप्पट, म्हणजे १,५२० वॉट-तासांचा ठेवावा लागतो. त्यास १२ व्होल्टने भागले असता सुमारे १२७ अँपिअर-तास येतात. बाजारातील १५० अँपिअर-तासांची बॅटरी यास योग्य होय. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी अधिक खोलवर वापरता येते व तीत पाणी घालावे लागत नाही, म्हणून तिचा आकार लहान चालतो. मात्र तिची किंमत जास्त असते व तिला तिच्याच जातीचा नियंत्रक लागतो.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे नियंत्रक, असतो. तो बॅटरी प्रमाणाबाहेर भरू देत नाही. आधी बॅटरी व मग पॅनेल, हा जोडणीचा क्रम. सोडविताना तो उलटा करावा. घरातील दिवा मध्येच बंद झाला म्हणून नियंत्रकाला वगळून बॅटरीवरून थेट तार घेण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. ती म्हणजे उपाशी बैलाला औतास जुंपण्यासारखे आहे.

शिशाच्या बॅटरीतील पाण्याची पातळी महिन्यातून एकदा पाहावी. ती कमी झाल्यास बाजारात मिळणारे बॅटरीचे शुद्ध पाणीच घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार बॅटरीस घातक असतात, आणि आम्ल तर वरून कधीही घालू नये. बॅटरी भरत असताना तीतून ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी, चुलीपासून दूर आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. तिच्याजवळ तारेत फ्यूज असावा. १२ व्होल्टवर १२० वॉटसाठी १० अँपिअर प्रवाह वाहतो, तर घरगुती २३० व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर पुरतो. म्हणून येथील तारा जाड व आखूड असाव्यात. निकामी बॅटरी भंगारात फोडू नये. शिसे विषारी असते, आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती विक्रेत्याकडेच परत द्यावी.

सौरपंपाची पॅनेले आता अनेक शेतांत दिसतात. त्यांच्या माळेतील विजेचा दाब पुष्कळ मोठा व प्राणघातक असू शकतो. त्यांना परस्पर घराची तार जोडण्याचा मोह टाळला पाहिजे, हे मुलांनाही बजावून सांगावे.

४. स्वयंपाकासाठी गोबरगॅस

मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करून दिव्यांसाठी वापरण्याचा प्रयोग १८९७ मध्येच झाला होता. पुढे १९६० नंतरच्या काळात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचे गोबरगॅस संयंत्र खेडोपाडी नेले, आणि १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचे, कमी खर्चाचे 'दीनबंधू' संयंत्र पुढे आले. देहू येथील डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या गॅससंयंत्रासाठी आयुष्यभर काम केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. पाच-सहा माणसांच्या घरासाठी २ घनमीटर, म्हणजे २,००० लिटरचे संयंत्र पुरते. त्याला रोज ५० किलो शेण लागते. एका मोठ्या जनावराचे १० किलो धरले तर दावणीला पाच जनावरे हवीत. शेण व पाणी समभाग कालवून घालावे. थंडीत गॅस कमी होतो. बाहेर पडणारी मळी हे उत्तम खत असते, म्हणजे शेण जाळून जे राखेत जाते ते येथे शेतास परत मिळते. जनावरे दोनच असतील, तर संयंत्राचा आग्रह धरू नये. ते अर्धपोटी राहते.

वाऱ्याच्या चक्कीविषयीही विचारणा होते. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला तर शक्ती एक-अष्टमांशच उरते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या उंच पठारावर पवनचक्क्या शोभतात. झाडाझुडपांच्या आडोशाला असलेल्या एकट्या घराने मात्र सूर्यावरच भिस्त ठेवावी.

५. निगा आणि शिल्लक

जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या दुर्गम वस्तीत २०१२ मध्ये सुमारे साडेनऊ किलोवॉटचे सौरकेंद्र उभारून जवळजवळ ४० घरांना वीज देण्यात आली. तेथे प्रत्येक घराला मीटर लावण्यात आला. ग्रामस्थांनी आपला न्यास स्थापून वापराप्रमाणे आकार घेण्याचे ठरविले, व पुढे बॅटऱ्या बदलण्यासाठी त्यातून पैसा साठविण्याची तरतूद केली. यातील धडा एकट्या घरालाही लागू पडतो. पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे असते. शिशाची बॅटरी चांगली निगा राखूनही सुमारे पाच वर्षे जाते. म्हणून बॅटरीच्या किमतीला ६० ने भागून येणारी रक्कम पहिल्या महिन्यापासूनच बाजूला टाकावी. ऊन फुकट मिळते, परंतु साठवण फुकट मिळत नाही, हे घरातील कर्त्या माणसास आरंभीच कळले पाहिजे.

शाळेत या विषयाचे पाठ सहज योजता येतील. गणिताच्या तासाला मुलांनी आपापल्या घरातील उपकरणांचे वॉट लिहून आणावेत आणि वॉट-तासांचा तक्ता करावा. भूगोलात अंगणातील काठीची दुपारची सावली दर आठवड्यास मोजावी. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य रिसोडच्या अगदी डोक्यावर येतो आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा येतो. जुलैत आभाळ मोकळे असेल त्या दुपारी सावली जवळजवळ नाहीशी झालेली मुलांना दिसेल. विज्ञानात लहान सौरघटावर हाताचे बोट आडवे धरून प्रवाह किती घटतो ते दाखवावे.

ज्यांच्या घरी सौरसंच आहे अशा मुलांकडे एक लहान वही द्यावी. पॅनेल कधी पुसले, बॅटरीत पाणी कधी घातले, नियंत्रकावरील हिरवा दिवा संध्याकाळी लागलेला होता की नाही आणि या महिन्यात किती रुपये बाजूला पडले, इतक्या चारच नोंदी तीत असाव्यात. शिक्षकांनी ती वही महिन्यातून एकदा पाहावी. पाणी घालण्यासाठी बॅटरी उघडण्याचे काम मात्र मोठ्या माणसानेच करावे. मुलाने आठवण द्यावी व तारीख लिहावी.