देहांतील घड्याळ आणि घरांतील वेळापत्रक

परीक्षेचे दिवस जवळ आले कीं पुष्कळ घरांत मुलाला पहाटे चार वाजतां उठविण्यांत येतें. वडिलांचें स्वतःचें चित्त त्या वेळीं प्रसन्न असतें. मुलाचेंही तसेंच असावें, असा त्यांचा समज. मुलगा दिव्यासमोर बसतो, पानें उलटतो, पण अक्षर डोक्यांत शिरत नाहीं. मग त्याला आळशी हें विशेषण चिकटतें. तें चिकटविण्यापूर्वीं देहांतील घड्याळाची थोडी विचारपूस व्हावयास पाहिजे.

इ. स. १७२९ मध्यें द मेरां नांवाच्या फ्रेंच ज्योतिर्विदानें लाजाळूच्या जातीचें एक रोप अंधारांत ठेवलें. ऊन दिसत नसतांही त्याचीं पानें दिवसा उघडत व रात्रीं मिटत. मनुष्यावरील प्रयोग याहून कष्टाचा झाला. १९३८ सालीं शिकागो विद्यापीठांतील निद्रेचे अभ्यासक नथॅनिएल क्लाइटमन हे ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्यासह अमेरिकेंतील केंटकी राज्यांतल्या मॅमथ गुहेंत ३२ दिवस राहिले. तेथें सूर्याचें दर्शन नाहीं. दोघांनीं २४ तासांऐवजीं २८ तासांचा दिवस पाळला. तरुण रिचर्डसनच्या शरीराचें उष्णतामान नव्या दिवसाप्रमाणें चढूं-उतरूं लागलें. ४३ वर्षांच्या क्लाइटमन यांचें मात्र जुना २४ तासांचा फेरा सोडीना. एकच वेळापत्रक दोन देहांना सारखें मानवत नाहीं, हें त्या गुहेंत दिसून आलें.

हें घड्याळ मेंदूच्या तळाशीं असतें. दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथें एकमेकींस ओलांडतात, त्याच्या किंचित् वर सुमारें २० हजार पेशींचा एक पुंजका आहे; सकाळचा उजेड डोळ्यांवाटे तेथें पोंचून त्याचे कांटे रोज जुळवितो. शरीराचें उष्णतामान पहाटे चार-पांचच्या सुमारास सर्वांत कमी व सायंकाळीं सर्वांत अधिक असतें, आणि तरतरीही बहुतांशीं त्याच्या मागोमाग चालते. दुपारची पेंगही याच घड्याळाची. बिचाऱ्या भाताला उगाच दोष लागतो. जेवण टाळलें तरी ती येते, जड जेवणानें वाढते इतकेंच. त्या वेळीं जमाखर्च मांडूं नये. कपाट आवरावें, वह्यांना कव्हरें घालावीं, अथवा वीस मिनिटें सरळ पडून राहावें.

वयाप्रमाणें हे कांटे सरकतात. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून विशीपर्यंत ते पुढें जातात, म्हणून मुलाला रात्रीं लवकर झोंप येत नाहीं. उतारवयांत ते मागें येतात, म्हणून आजोबा कोंबड्याआधीं जागे. अकराला निजलेल्या मुलास चारला उठविलें तर त्याच्या पदरीं पांच तासांची झोंप पडते. त्या वयाला आठ ते दहा तास लागतात. वडील अशा वेळीं वाग्भटाचा आधार देतात. ब्राह्म मुहूर्तीं उठण्याचा उपदेश अष्टांगहृदयांत आहे खरा, पण अर्धी झोंप मोडून उठावें असें त्यांत म्हटलेलें नाहीं. मुलाला दहाला निजवावें, सहाला उठवावें. आंघोळ-न्याहारीनंतरचा ताजा वेळ गणिताला द्यावा, उजळणी सायंकाळीं.

मुलासाठीं निदान वाद तरी होतो. गृहिणीची सकाळची तरतरी रोज डबे भरण्यांत जाते, आणि घराचा हिशेब तिच्यापुढें रात्रीं साडेदहाला येतो. मग बेरीज चुकली कीं तिला गणित येत नाहीं असें सारें घर म्हणतें. तिनें एक आठवडाभर, दर दोन तासांनीं, मन किती ताजें आहे एवढेंच कॅलेंडरच्या कोपऱ्यांत टिपून ठेवावें. तिची चांगली वेळ सकाळीं साडेदहाची निघाली, तर हिशेबाची वही त्या वेळीं उघडावी, आणि तेवढा अर्धा तास दाराची घंटा दुसऱ्या कुणीं तरी ऐकावी.