विश्लेषण : मानेतील धमनीतला ‘प्लाक’ किती धोकादायक? सोनोग्राफी आणि एमआरआय नेमके काय सांगतात?

हात दहा मिनिटे बधिर झाला, बोलताना जीभ अडखळली आणि मग सगळे ठीक झाले. आर्वी, आष्टीकडच्या गावात अशा वेळी ‘थकवा असेल’ म्हणून माणूस पुन्हा कामाला लागतो. डॉक्टर याला ‘टीआयए’ म्हणतात. पुढच्या काही दिवसांतच मोठ्या लकव्याचा धोका सर्वाधिक असतो. काही रुग्णांत याचे मूळ मेंदूत नव्हे, तर मानेतील कॅरोटिड धमनीत असते.

अडथळा किती, की कसला?

धमनीच्या भिंतीत चरबी, तंतू आणि कॅल्शियम साचून जो थर होतो, तो प्लाक. अनेक वर्षे प्रश्न एकच होता : धमनी किती टक्के अरुंद झाली? १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतील ‘नॅसेट’ अभ्यासात, लक्षणे दिसलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अडथळा असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा मोठा फायदा दिसला. डॉक्टर आजही हा आकडा पाहतात. पण तो पुरेसा नाही. ४० टक्केच अडथळा करणारा मऊ प्लाक फुटून गुठळी मेंदूत जाऊ शकते. टणक, जास्त अडथळ्याचा प्लाक वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो.

सोनोग्राफीत काय दिसते?

डॉपलरने रक्ताचा वेग मोजतात. अरुंद जागेत तो वाढतो. सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर गेला, तर साधारण ७० टक्के किंवा अधिक अडथळा समजतात. प्लाकचा रंगही बोलतो. काळपट दिसला तर आत चरबी किंवा रक्तस्राव असण्याची शक्यता, म्हणजे काळजीचा. पांढरा म्हणजे तंतुमय. लख्ख पांढरा आणि मागे सावली असेल तर कॅल्शियम. मात्र त्या सावलीत पलीकडचे काही दिसत नाही. तपासणी स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही; पण निदान बरेचसे प्रोब धरणाऱ्या हातावर अवलंबून असते.

मग एमआरआय कशासाठी?

प्लाकमधील ताजा रक्तस्राव एमआरआयच्या ‘टी-१’ प्रतिमांत ठळक चमकतो. चरबीचा गाभा आणि त्यावरचे तंतूंचे पातळ आवरणही ओळखता येते. इथे एक गफलत होते. नेहमीच्या एमआर अँजिओग्राफीत फक्त रक्ताची वाट दिसते, भिंत नाही. भिंतीसाठी वेगळ्या प्रतिमा घ्याव्या लागतात. त्यामुळे ‘एमआरआय झाला’ म्हणजे प्लाक तपासला, असे नव्हे. डॉक्टरांना तसे विचारावे. पेसमेकर असल्यास आधी सांगावे.

वर्धा जिल्ह्यात एमआरआयची सोय असलेली दोन मोठी रुग्णालये, सेवाग्रामचे कस्तुरबा आणि सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, वर्धा शहराजवळच आहेत. आष्टी, कारंजा मात्र जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. त्यामुळे पहिली चाळणी सोनोग्राफीचीच. पण गावोगावी मशीन नेणे सोपे नाही, कारण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे मानेची तपासणी करणाऱ्या मशीनलाही नोंदणीची अट लागू होते.

लक्षणे नसलेल्या सर्वांनी ही तपासणी करावी का? नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२१ मध्ये पुन्हा तसे करू नये असेच सांगितले. अनावश्यक शस्त्रक्रियेचा धोका राहतो. प्लाक आढळला तरी बहुतेकांचे उपचार गोळ्यांनीच होतात : स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारे औषध, रक्तदाब व साखरेवर नियंत्रण आणि तंबाखू बंद.

तोंड वाकडे होणे, हात न उचलणे, बोबडे बोलणे ही लक्षणे सुरू असतील, तर मात्र मानेच्या सोनोग्राफीसाठी थांबू नये. थेट सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येते.