एडिटिंगचा कन्सोल घेताय? मडक्यासारखा वाजवून घ्या



गावातल्या लग्नाचं, बारशाचं शूटिंग आता गटातल्या मुलीही करू लागल्या आहेत. काम वाढलं की दुकानदार सांगतो, "ताई, एडिटिंगचा कन्सोल घ्या, काम झटपट होईल." किंमत ऐकली की गटाच्या बैठकीत सगळ्या एकमेकींकडे बघतात. पैसे गटाचे, हप्ते गटाचे. म्हणून आज आपण ही वस्तू पारखायची कशी, ते बघू.

आधी कन्सोल म्हणजे काय? संगणकाला जोडायचा बटणांचा आणि फिरणाऱ्या नॉबचा हा एक पाट. फोटो उजळ करणं, व्हिडिओ कापणं ही कामं संगणकातलं सॉफ्टवेअरच करतं. कन्सोल फक्त हुकूम देतो. हेच हुकूम माऊस आणि कीबोर्डनेही देता येतात. तेव्हा वर्षाला दोन-चार लग्नांचंच काम असेल, तर कन्सोलची घाई नको. रोज शेकडो फोटो हातावेगळे करायचे असतील, तर त्याचा उपयोग आहे.

आता पारख. मडकं घेताना आपण वाजवून घेतो, शिलाई मशीन घेताना चाक फिरवून बघतो. इथेही तसंच करायचं.

पहिलं, अंग बघा. कन्सोल दोन्ही हातांत धरून अगदी हलका पिळा. करकर वाजला, जोड उघडल्यासारखे दिसले, तर बांधणी कच्ची. मग टेबलावर ठेवून एका हाताने मोठी चकती फिरवा. कन्सोल सरकता कामा नये. खाली रबरी पाय आहेत का, तेही बघा. नुसत्या वजनावर भुलू नका. आत लोखंडी पट्टी घालूनही वजन वाढवता येतं.

दुसरं, बटणं. प्रत्येक बटण मधोमध दाबा, मग कोपऱ्यावर दाबा. दोन्ही वेळा काम झालं पाहिजे आणि बटण लगेच वर आलं पाहिजे. चांगल्या मेकॅनिकल बटणांचे कारखाने ५ कोटी वेळा दाबण्याची हमी देतात. रबराच्या पापुद्र्यावरची बटणं त्यामानाने लवकर मऊ पडतात. बटणावरचं अक्षर नुसतं वरून छापलेलं असेल, तर बोटांनी ते पुसलं जातं. कोरलेलं अक्षर टिकतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नॉब. कढईचा कान डुगडुगतो का बघतो, तसा नॉब बाजूला हलवून बघा. मग संगणकाला जोडून एकेक टिचकी फिरवा. एका टिचकीला पडद्यावरचा आकडा एकाच घराने सरकला पाहिजे. आकडा उड्या मारू लागला किंवा मध्येच उलटा गेला, तर ओळखा की आतले संपर्क झिजलेत किंवा त्यात धूळ गेली आहे. जुना कन्सोल घेताना ही परीक्षा सोडूच नका.

चौथं, केबल. केबल बसल्यावर जरा हलवा. जोडणी तुटली, तर तिथेच थांबा. टाईप-सी जोडणी काढघाल १०,००० वेळा सोसेल, अशा मापाने बनवतात. केबल सुटी असेल तर उत्तम. खराब झाली, तर तेवढीच बदलता येते.

एक गोष्ट मात्र हाताला कळत नाही. कन्सोल आपल्या सॉफ्टवेअरशी जुळतो का? ब्लॅकमॅजिक कंपनीचा स्पीड एडिटर हा दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरसाठीच बनवलेला आहे. फिनलंडच्या लूपडेकने सुरुवात लाईटरूमसाठीच्या कन्सोलने केली. २०१८ साली मेकॅनिकल बटणांचं सुधारित मॉडेल आणलं, आणि २०२३ मध्ये ती कंपनी लॉजिटेकने विकत घेतली. कंपन्या हात बदलतात, जुनी मॉडेलं मागे पडतात. नवीन संगणकावर कन्सोलचं सॉफ्टवेअर चालेनासं झालं, तर दणकट कन्सोलही शोभेचा डबा होतो. म्हणून घेण्याआधी आपल्याच संगणकावर चालवून दाखवायला सांगा.

शेवटी कागद. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटी किती, दुरुस्ती कुठे होणार आणि तिथवर पाठवायचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्या. दुकानदाराने हात वर केले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो.

आणि हो, दुकानात एकटीने जाऊ नका. एकीने बटणं दाबावीत, दुसरीने पडद्यावर लक्ष ठेवावं, तिसरीने वहीत टिपावं. "बघताय काय एवढं?" असं दुकानदार म्हणाला तरी संकोच नको. हप्ते आपण फेडणार, तर पारखही आपणच करायची.