आजोबांचं रिव्हॉल्व्हर कोणत्या सालचं?

कोपरखैरण्यात जुन्या शस्त्रांचा बाजार नाही. पण माझं आयुष्य ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेलं, म्हणून ओळखीचे लोक घरातल्या रिव्हॉल्व्हरचे फोटो मला दाखवतात. मी आधी विचारतो, परवाना आहे ना?

सिंगल ॲक्शनमध्ये प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. कोल्ट कंपनीच्या १८७३च्या अशाच मॉडेलचं निर्मितीचं साल अनुक्रमांकावरून निघतं. फ्रेम, ट्रिगर गार्ड आणि मुठीमागची पट्टी यांवरचे आकडे जुळले पाहिजेत. नाहीतर जोडकाम समजा. सिलिंडरची दांडी फ्रेमच्या पुढच्या स्क्रूने धरलेली असेल, तर नग साधारण १८९६च्या आधीचा. पुढे तिथे स्प्रिंगची आडवी खटकी आली.

किंमत ठरते ती मूळ निळसर झिलईवर. दिवाळीच्या साफसफाईत कुणी पॉलिश पेपर मारला, की संपलंच!

जुनं म्हणून परवाना नको, असंही नाही. १९५९चा शस्त्र कायदा सूट देतो ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला. आणि शंभरी ओलांडलेली पुरावस्तू १९७२च्या कायद्यामुळे खासगी माणसाला परदेशी विकता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे कुणी सांगू लागला, की मी चहा मागवतो.