बाहेर ठेवलेल्यांचे आडनाव

आडनाव म्हणजे कुळाची खूण, असे आपण धरून चालतो. पण ज्याच्या कुळाचा पत्ताच नाही, त्याला आडनाव कोणते द्यावे? इटलीतील नेपल्स शहराने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते आज त्या शहरातील सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे. ते म्हणजे एस्पोझितो.

माझा व्यवसाय भाषा शिकविण्याचा, त्यामुळे मी आधी व्युत्पत्तीकडे वळलो. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. त्यावरून झाले ‘एक्स्पोसितुस’, म्हणजे बाहेर ठेवलेला. व्याकरणात हे एक साधे धातुसाधित. पण ते चिकटले होते टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांना!

नेपल्समधील अनुन्झियाता या धर्मसंस्थेच्या भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसविलेले होते. लोक त्याला ‘चाक’ म्हणत. बाहेरून कोणी मूल त्यात ठेवावे, पिंप फिरवावे, आणि आतल्या बाईने ते उचलून घ्यावे. देणाऱ्याचे तोंड घेणाऱ्याला दिसत नसे. मुलाच्या गळ्यात शिशाची मुद्रा पडे आणि वहीत नोंद होई. हे चाक 1875 मध्ये बंद झाले.

इतर शहरांची तऱ्हा निराळी. मिलानच्या इस्पितळाचे चिन्ह कबूतर, म्हणून तेथील मुले ‘कोलोंबो’ झाली. फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने ‘इनोचेंती’, म्हणजे निष्पाप, हे नाव दिले; तर रोमने ‘प्रोयेत्ती’, म्हणजे फेकलेले! एकाच दुःखाला कोणी मायेने हाक मारली, कोणी तुटकपणे. फ्लॉरेन्सच्या त्या अनाथालयात अर्धी तोडलेली पदके अजून जपून ठेवली आहेत. उरलेला अर्धा भाग आईजवळ राही. पुढेमागे लेकरू ओळखता यावे, एवढीच आशा!

एस्पोझितो म्हटले की जन्माची कथा उघडी पडे. म्हणून 1808 ते 1815 या काळात नेपल्सच्या गादीवर असलेल्या जोआकिम म्यूरा याने अनाथांना हे नाव देण्यास बंदी केली. पण ज्यांना ते आधीच मिळाले होते, त्यांची लग्ने झाली, मुले झाली, नातवंडे झाली. बिनकुळाच्या माणसांची आता कुळे झाली होती, आणि नाव त्यांच्याबरोबर वाढत गेले. आज साऱ्या इटलीतील पहिल्या दहा आडनावांत त्याची गणना होते.

समुद्रापलीकडे गेल्यावर त्याचा उच्चारही बदलला. नेपल्समध्ये आघात ‘पो’वर, अमेरिकेत तो ‘झि’वर सरकला. कॅनडात जन्मलेल्या फिल एस्पोझितोने 1970-71 च्या हंगामात बर्फावरील हॉकीत 76 गोल करून त्या काळचा विक्रम केला, तेव्हा वर्तमानपत्रांनी हेच नाव मोठ्या अक्षरांत छापले. लाज झाकण्यासाठी राजाला जे जमले नाही, ते नातवंडा-पतवंडांनी नुसते नाव चालवून साधले!